आर्थर्स सीटची वाट ठरवण्याआधी : एडिंबरातल्या मराठी मंडळींना खुले पत्र

एडिंबरात शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला आलेल्या सर्व मराठी मंडळींना, आणि विशेषतः त्यांच्यासाठी रविवारच्या सहली आखणाऱ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी सप्टेंबरात विद्यापीठाचे नवे वर्ष सुरू झाले की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निरोप फिरू लागतो. शहराच्या मधोमध आर्थर्स सीट नावाचा एक डोंगर आहे, उंची फक्त २५१ मीटर, सिंहगड आणि राजगड चढलेल्यांना तो काहीच नाही, फोनवर शिखराचे नाव घाला आणि दिसेल त्या वाटेने सरळ वर जा, असा त्याचा साधारण आशय असतो. निरोप पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी जाणते. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात चार मराठी माणसांबरोबर एखादा डोंगर चढायला मिळाला, तर त्याचे मन लवकर रमते. मीही अशाच एका रविवारी येथे पहिल्यांदा चढले होते. माझा आक्षेप ‘दिसेल त्या वाटेने सरळ वर’ या शब्दांना आहे, आणि तो सविस्तर मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेली चौदा वर्षे मी या टेकडीच्या पूर्वेच्या अंगाला राहते. आठवड्यातून दोनदा तरी मी ती चढते, एकदा तिच्याभोवतीच्या रस्त्यावर धावते, आणि कामावर जाताना तिच्या दक्षिणेकडच्या जुन्या बोगद्यातून सायकलने जाते. या तिन्ही प्रकारांनी तिची ओळख झाल्यावर माझे मत असे झाले आहे की चालणाऱ्याची, धावणाऱ्याची आणि सायकलस्वाराची वाट येथे वेगवेगळी आहे; आपल्याबरोबर कोण आहे आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता का, हे पाहून ती ठरवावी लागते; आणि जी वाट आपल्या गुडघ्यांना सोसते, तीच बहुतेक वेळा टेकडीच्या मातीलाही सोसते.

टेकडी हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे. पुण्यात वेताळ टेकडीला किंवा हनुमान टेकडीला जे स्थान आहे, तेच एडिंबराच्या लोकांच्या मनात आर्थर्स सीटला आहे. पायथ्याशी राजवाडा आणि स्कॉटिश संसद, भोवती सुमारे २६० हेक्टरांचे होलीरूड उद्यान, आणि मध्ये बसलेल्या सिंहासारखी दिसणारी ही टेकडी. ती एका विझलेल्या ज्वालामुखीचा झिजून उरलेला भाग आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तर येथील ज्वालामुखी सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी जागा होता. दक्षिणेच्या रस्त्यावर सॅम्सन्स रिब्ज, म्हणजे सॅम्सनच्या बरगड्या, नावाचे बेसाल्टचे खांब उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या माणसाला ते पाहताना क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. कातळ ओळखीचा वाटतो म्हणून पाऊलही ओळखीने पडते, आणि नेमकी तेथेच फसगत होते. हिवाळ्यातला सह्याद्रीचा कोरडा, खरबरीत कातळ बूट धरून ठेवतो. येथील माथ्यावरचा कातळ मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी घासून गुळगुळीत झाला आहे आणि वर्षातले कितीतरी दिवस ओला असतो. शिवाय माथ्यावर पश्चिमेचा वारा असा येतो की सडपातळ माणसाला उभे राहताना तोल सावरावा लागतो.

आता वाटांविषयी. ज्यांच्याबरोबर आईवडील, लहान मुले किंवा डोंगराची सवय नसलेले पाहुणे आहेत, त्यांनी पूर्वेच्या बाजूने, डन्सापी तळ्यापासून चढावे. उद्यानाला वळसा घालणारा क्वीन्स ड्राइव्ह हा रस्ता या तळ्याशी आपल्या सर्वांत उंच भागात पोचलेला असतो. त्यामुळे चढाईचा बराचसा भाग पक्क्या रस्त्यावरच सरतो आणि पुढे गवताळ, मोकळी चढण उरते. वाट रुंद आहे, मध्ये थांबायला जागा आहे, आणि ज्याला पुढे जावेसे वाटत नाही त्याला तळ्याकाठी बसून राहता येते, जे उन्हाळ्यात शिखरापेक्षा कमी सुखाचे नाही. अगदी शेवटी मात्र तोच गुळगुळीत कातळ लागतो. तेथे हात मोकळे हवेत, म्हणून फोन खिशात आणि डबा पाठीवर असावा. ज्येष्ठांनी या शेवटच्या टप्प्याच्या खाली थांबले तरी फोर्थच्या खाडीचा पूर्ण देखावा दिसतो. त्यांना ‘आता एवढे आलातच तर’ असा आग्रह कृपया कोणी करू नये.

या पूर्वेच्या उतारावर चालताना गवतात आडव्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या दिसतात. त्या जुन्या काळच्या शेतीच्या आहेत, आणि माथ्याच्या जवळ जे ढासळलेले दगडी बांध दिसतात, ते प्रागैतिहासिक गडाच्या तटबंदीचे अवशेष आहेत. म्हणजे हीसुद्धा एका अर्थाने गडाचीच टेकडी आहे. रायगडावर बुरुजाचा दगड कोणी काढला तर आपल्याला जो राग येईल, त्याची आठवण ठेवून या बांधांवरचे दगड हलवू नयेत आणि त्यांच्यावरून चढून जवळची वाट काढू नये.

ज्यांना चढण्याचा खरा आनंद हवा आहे, त्यांच्यासाठी उत्तरेची वाट मला सर्वांत आवडते. होलीरूड राजवाड्याकडून निघून सेंट मार्गारेट्स लॉक या तळ्याशी यावे, वर दिसणाऱ्या सेंट अँथनीज चॅपल या १५व्या शतकातल्या भग्न प्रार्थनामंदिराकडे जावे, आणि तेथून ड्राय डॅम नावाच्या खोलगटीतून हळूहळू उंची घेत माथ्याखालच्या खिंडीसारख्या जागेत पोचावे. चढ एकसारखा आहे, दम लागतो पण धाप लागत नाही, आणि शहर कधी डोंगराआड जाते तर कधी एकदम समोर येते. पहिल्यांदा येणाऱ्या धडधाकट मंडळींना मी याच वाटेने नेते. मे महिन्याच्या १ तारखेला पहाटे दवाने तोंड धुण्यासाठी या टेकडीवर येण्याची स्त्रियांची जुनी रीत होती. त्या दिवशी पहाटे ही वाट चढणाऱ्या थोड्या लोकांमध्ये आपणही असावे, असे मला दर वर्षी वाटते.

तिसरी वाट पश्चिमेची. हंटर्स बॉग या दरीसारख्या सखल भागाच्या दक्षिण टोकाशी नागमोडी दगडी पायऱ्या सुरू होतात आणि अंगावर येणाऱ्या चढाने थेट माथ्याखाली पोचतात. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपासून ही बाजू जवळ असल्याने ‘सरळ वर’ जाणारे बहुतेक सगळे याच वाटेला लागतात. चढताना ती वाईट नाही. उतरताना, आणि त्यातही पाऊस पडून गेल्यावर, ती फार वाईट आहे. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझे सासरे नाशिकहून आले होते. वय सत्तरीच्या पुढे, पण रोज चालणारे. त्यांना मी डन्सापीच्या सोप्या वाटेने व्यवस्थित वर नेले, आणि उतरताना बसचा थांबा पश्चिमेला जवळ पडतो एवढ्या कारणाने या पायऱ्यांनी खाली आणले. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. तिसऱ्या वळणावर त्यांचा पाय सरकला, त्यांनी हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. ‘तू काळजी करू नकोस, चूक माझ्या चपळाईची आहे’, असे ते मला सांगत होते. चूक माझी होती. चढाईची वाट मी विचार करून निवडली होती आणि उतरणीची अजिबात विचार न करता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की जी वाट उतरायला सोपी आहे ती आधी ठरवावी, चढण्याची वाट नंतर ठरवली तरी चालते.

या पायऱ्यांच्या शेजारीच एक उभी, लालसर मातीची घळ आहे. तिला गटिट हॅडी म्हणतात, म्हणजे पोट फाडून साफ केलेला हॅडॉक मासा. १७४४ साली झालेल्या ढगफुटीच्या पाण्याने डोंगराची ही बाजू खरवडून निघाली. पावणेतीनशे वर्षे उलटून गेली तरी ती जखम भरलेली नाही. खालून पाहणाऱ्याला मात्र ती वाटच भासते, आणि फोनच्या नकाशावर शिखराकडे जाणारी सर्वांत आखूड रेषाही तिच्या आसपासच पडते. आपल्याकडे अशा जागेला आपण घसारा म्हणतो आणि नवख्यांना तेथून नेत नाही. येथेही तोच नियम पाळावा. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्या पायऱ्यांवरच्या माणसाकडे जातो, हे एक कारण. दुसरे कारण मातीचे आहे. या टेकडीवर कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे आणि तो गवताच्या मुळांनी धरून ठेवला आहे. पाच-पन्नास माणसे एकाच आठवड्यात वळण टाळून मधून चढली की गवत उखडते, पावसाचे पाणी त्या रेघेतून वाहू लागते, आणि पुढच्या वर्षी तेथे वीतभर खोल चर तयार होतो. मग चरातून चालणे अवघड म्हणून लोक त्याच्या कडेने चालतात आणि तो आणखी रुंद होतो. सिंहगडाच्या वाटेवर वळणे टाळून पडलेल्या आडवाटा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. उद्यानाची देखभाल करणाऱ्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या संस्थेने दगड बसवून वाटा बांधल्या आहेत त्या याचसाठी, आपण त्यांच्यावरच राहावे म्हणून. चिखल चुकवण्यासाठी गवतावरून जाण्यापेक्षा चिखलातून जावे. बूट धुता येतात.

सॉल्सबरी क्रॅग्ज या पश्चिमेच्या कातळकड्याविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण शहरातून सर्वांत आधी तोच दिसतो आणि छायाचित्रांची हौस तेथेच अधिक असते. कड्याच्या पायथ्यालगत जी वाट आहे, तिचे नाव रॅडिकल रोड. १८२० साली स्कॉटलंडमध्ये कामगारांचा उठाव झाला, तो मोडून काढण्यात आला, आणि त्यानंतर कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या सूचनेवरून बेकार विणकरांना कामाला लावून ही वाट बांधून घेण्यात आली. हातमाग सुटलेल्या माणसांनी दगड फोडून केलेली ही वाट आहे, हे कळल्यापासून मला ती केवळ देखाव्याची जागा वाटत नाही. अठराव्या शतकातले भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांनी ज्या खडकात खालून वर घुसलेल्या तप्त शिलारसाचा पुरावा पाहिला, आणि पृथ्वीचे वय माणसाच्या कल्पनेपेक्षा फार मोठे असले पाहिजे या विचाराला ज्याने बळ मिळाले, तो खडकही याच वाटेवर आहे. भूशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो पाहण्याची ओढ असणारच. परंतु २०१८ साली कड्यावरून मोठी दरड कोसळली आणि वाट बंद करण्यात आली. माझी स्वतःची इच्छा ही वाट सर्वांना पुन्हा चालता यावी अशीच आहे, आणि तसे मी योग्य ठिकाणी लिहीतही असते. तरीही जेथे कुंपण आणि फलक आहेत तेथे ते ओलांडून जाण्याचे समर्थन मी करणार नाही. माळशेज घाटात पावसाळ्यात दरडीखाली गाडी थांबवणाऱ्याला आपण जे सांगतो, तेच येथेही लागू आहे. कड्याच्या माथ्यावरची वाट चालायला सुंदर आहे, पण तिच्या कडेला कठडा नाही. लहान मुलांचा हात तेथे सोडू नये, आणि छायाचित्रासाठी मागे सरकायला कोणालाही सांगू नये.

धावणाऱ्यांसाठी हे उद्यान म्हणजे भाग्य आहे. क्वीन्स ड्राइव्हचा पूर्ण फेरा सुमारे ५ किलोमीटरचा. राजवाड्याकडून सेंट मार्गारेट्स लॉकच्या दिशेने निघाल्यास डन्सापीपर्यंत सलग चढ लागतो, मग दक्षिणेला डडिंग्स्टनच्या तळ्यावर नजर ठेवत सौम्य उतार. उलट दिशेने धावल्यास चढ लांबतो आणि शेवटचा उतार गुडघ्यांवर येतो, म्हणून नवख्यांनी पहिली दिशा धरावी. रविवारी या रस्त्याच्या बऱ्याच भागावर मोटारींना बंदी असते, आणि तो दिवस धावण्यासाठी सर्वांत चांगला. २००८ साली जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धा याच उद्यानात झाली आणि इथिओपियाच्या केनेनिसा बेकेले यांनी पुरुषांची शर्यत जिंकली. याच गवतावर ते धावले होते, ही गोष्ट पावसात एकटे धावताना मला अजूनही बळ देते. एडिंबराच्या सात टेकड्यांची एक शर्यतही होते. तिच्यात आपली वाट आपण निवडायची असते आणि आर्थर्स सीट त्या सातांपैकी एक आहे. ज्यांना माथ्यापर्यंत धावायचे आहे त्यांनी खाचदार तळाचे डोंगरी बूट घ्यावेत, माथ्याचा कातळ चालतच ओलांडावा, आणि उतरताना समोरच्या कुटुंबाला आधी वाट द्यावी. कानात गाणी लावून अरुंद वाटेवर कोणाच्या पाठीशी एकदम येणे हे येथील लोकांना आवडत नाही, आणि मलाही नाही.

सायकलींबाबत आपल्या मंडळींमध्ये एक समज पसरला आहे, तो अर्धाच खरा आहे. स्कॉटलंडच्या २००३ सालच्या जमीन सुधारणा कायद्याने येथे बहुतेक मोकळ्या जमिनीवर, डोंगरावर आणि रानात पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, मग जमीन कोणाचीही असो. अट एवढीच की तो जबाबदारीने बजावावा. आपल्याकडून आलेल्या माणसाला हा कायदा विलक्षण वाटतो, आणि तो आहेच. त्यामुळे शहराच्या दक्षिणेला असलेल्या पेंटलंडच्या डोंगरांत आपण सायकल न्यावी, पायी चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे, गुरांमधून हळू जावे. होलीरूड उद्यानाला मात्र स्वतःचे जुने नियम आहेत आणि त्यांनुसार सायकल रस्त्यांवर आणि सायकलींसाठी ठरवलेल्या मार्गांवरच चालवता येते. आर्थर्स सीटच्या माथ्याकडे जाणाऱ्या पायवाटा सायकलसाठी नाहीत. सायकलस्वाराचे शिखर म्हणजे डन्सापी. सिंहगडाचा घाट सायकलने चढणाऱ्या पुणेकरांना ही चढण लहान वाटेल, पण तिच्यावरचा समोरून येणारा वारा लहान नसतो.

दक्षिणेच्या बाजूला इनोसंट रेल्वेचा मार्ग आहे, तो मात्र प्रत्येकाने एकदा तरी सायकलने करावा. १८३१ साली सुरू झालेली ही रेल्वे प्रथम घोडे ओढत असत आणि तिच्यावरून मुख्यतः कोळसा शहरात येत असे. आता रूळ नाहीत. सेंट लेनर्ड्सपाशी अर्धा किलोमीटरहून थोडा लांब बोगदा लागतो, त्याचा उतार तीसास एक आहे, आणि बाहेर पडल्यावर टेकडीच्या कुशीने सपाट वाट पूर्वेकडे जाते. अन्नपदार्थ पोचवण्याचे काम करणारी आपली अनेक मुले विजेच्या सायकलींवरून याच बोगद्यातून ये-जा करतात. त्यांना मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते की बोगद्यात पायी चालणारी माणसे आणि शाळेची मुलेही असतात. उतारावर वेग आपोआप वाढतो, म्हणून आत शिरतानाच ब्रेकवर बोटे ठेवावीत आणि घंटी वाजवावी. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असणे येथे कायद्याने बंधनकारक आहे. डिसेंबरात तो अंधार दुपारी पावणेचारलाच पडू लागतो. टेकडी चढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड पाहिलेला माणूस हिवाळ्यात हमखास चुकतो. दुपारी दोननंतर हिवाळ्यात माथ्याकडे निघूच नये.

आणखी एकच गोष्ट. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर्थर्स सीटच्या उतारावर वणवा पेटला आणि माथ्याकडची माणसे घाईघाईने खाली उतरली. येथे पिवळ्या फुलांची गॉर्स नावाची काटेरी झुडपे दाट आहेत आणि कोरड्या दिवसांत ती चटकन पेट घेतात. आपल्या सहलींत भाकरी-ठेचा घरून न्यावा. कोळशाची शेगडी, चहासाठी गॅस किंवा आरतीचे निरांजन, यांपैकी काहीही टेकडीवर पेटवू नये.

या सगळ्यामुळे कोणी टेकडीवर येण्याचे टाळावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. उलट, येणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा यावे असे वाटते. म्हणून सहली आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की यंदाच्या सप्टेंबरात तो जुना निरोप पुढे पाठवण्याऐवजी पुढील मजकूर पाठवावा आणि त्यात आपल्या अनुभवाने भर घालावी :

‘आर्थर्स सीटला पहिल्यांदा येणाऱ्यांनी सेंट मार्गारेट्स लॉकपाशी जमावे आणि ड्राय डॅमच्या वाटेने चढावे. घरातली मोठी माणसे आणि मुले बरोबर असतील तर डन्सापीपासून चढावे आणि डन्सापीलाच उतरावे. पाऊस झाला असेल तर पश्चिमेच्या पायऱ्यांनी कोणी उतरू नये. बांधलेली वाट सोडू नये. खाचदार तळाचे बूट आणि वारा अडवणारे जाकीट आणावे. सायकली खालीच कुलूप लावून ठेवाव्यात. कोणाला दुखापत झाल्यास ९९९ वर फोन करावा आणि आपण कोणत्या वाटेवर आहोत ते नावाने सांगावे.’

शेवटचे वाक्य कृपया गाळू नये. सासऱ्यांना लागले तेव्हा मी फोनवर बोलत होते, आणि आम्ही कोणत्या वाटेवर आहोत हे विचारल्यावर मला त्या वाटेचे नाव सांगता आले नव्हते.

आपली नम्र,
टेकडीच्या पूर्वेला राहणारी एक शेजारीण